नोट्समधलं ते ≠ आलं कुठून?

सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या सी लँग्वेजच्या छापील नोट्स घेऊन पुतणी आली, म्हणे "काका, हे चिन्ह कीबोर्डवर कुठंय?" बघतो तर इफच्या कंसात चक्क ≠ छापलेलं. तिनं बिचारीनं नेटवरून ते शोधून कोडमध्ये पेस्ट केलेलं आणि कंपायलर एररवर एरर देतोय, कारण सीमध्ये लागतं !=, दोन वेगळी चिन्हं.

क्लासकडून मूळ फाईल मागवली, लिब्रेऑफिसमधली. टायपिंग एकदम बरोबर, फॉन्ट मात्र फिरा कोड. हा फॉन्ट != शेजारीशेजारी आले की त्यांच्या जागी एकच जोडचिन्ह (म्हणजे लिगेचर) दाखवतो, -> चा सलग बाण करतो. फाईलमध्ये चिन्हं जशीच्या तशी असतात, आपण क, हलंत, ष टाईप करतो आणि दिसतो क्ष, तसंच.

तुमच्याकडे असं झालं तर आधी त्या चिन्हानंतर कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस मारा. ! उरलं तर लिगेचर. अख्खं गेलं तर ऑटोकरेक्टचं काम, वर्डमध्ये --> चा बाण होतो ना, तसं, तिथे फॉन्टचं फीचर बंद करून काही होत नाही.

लिगेचर बंद करतानाच लोक खरे अडकतात. सगळीकडे 'लिगा' हे फीचर बंद करा असं लिहिलेलं असतं, ते करतात आणि ढिम्म फरक पडत नाही, कारण फिरा कोडची जोडचिन्हं 'कॅल्ट'मध्ये आहेत, म्हणजे आजूबाजूची अक्षरं बघून आकार बदलणाऱ्या फीचरमध्ये. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्टच्या नावाला चिकटून कोलन, मायनस आणि सी, ए, एल, टी ही चार इंग्रजी अक्षरं स्मॉलमध्ये टाईप करा, एंटर, सुटलं! ५.३ पासून (२०१७) हे चालतं, ६.२ पासून तर कॅरेक्टरच्या डायलॉगमध्ये फीचर्सचं बटणच आहे. आणि एकेक ओळ सिलेक्ट करत बसू नका, कोडची स्टाईल असेल तर तिच्यातच बदला.

पण मला विचाराल तर नवशिक्यांच्या नोट्सना असा फॉन्ट लावूच नये. स्वतःच्या एडिटरमध्ये खुशाल वापरा, मीही वापरतो, वाचायला मस्त वाटतं. पण जी पोरं पहिल्यांदाच कोड बघतायत त्यांना कागदावर तेच दिसलं पाहिजे जे बोटांनी टाईप करायचंय. फिरा मोनो घ्या, फिरा कोड त्याच्यावरूनच बनलाय, फक्त ही जोडचिन्हं त्यात नाहीत. कॅस्केडिया कोड हा तसलाच फॉन्ट असेल तर कॅस्केडिया मोनो. आणि अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सला टाकायच्या आधी पीडीएफ झूम करून !=, ->, >= असलेल्या ओळी तेवढ्या नजरेखालून घाला.