बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

माझी प्रसूती सुरळीत पार पडली आणि घरातल्या सर्वांचे लक्ष बाळाकडे वळले, ते स्वाभाविकच होते. परंतु तिसऱ्या रात्री माझे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा हे जागरणामुळेच होत असेल असे मीही धरून चालले. परिचारिकेने दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, आकडा पाहिला आणि काही न बोलता पुन्हा मोजला: १६०/११०. गर्भारपणात रक्तदाब कधीही वाढलेला नसला, तरी प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तो धोकादायक पातळीवर जाऊ शकतो आणि वेळीच औषध न मिळाल्यास आकडीचे (फिटचे) झटके येऊ शकतात, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते, याची खंत आजही वाटते. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या २४ तासांनंतरही किमान तीन तपासण्या सुचवते: ४८ ते ७२ तासांदरम्यान, ७ ते १४ दिवसांदरम्यान आणि सहाव्या आठवड्यात. यांतली पहिली मला सर्वांत मोलाची वाटते. तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले, ताप आला किंवा एकाच पोटरीत वेदना व सूज जाणवली, तर बाळाच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आईला त्वरित रुग्णालयात न्यावे.