कॅपिटल पाणी भरत नाही

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. ठाण्यात राम मारुती रोडवर एका दुकानाची पाटी चढवत होतो, एका हातात ड्रिल, दुसऱ्यात स्क्रू. पोराने खालून फोन वर दिला. "शाळेचा अमृतमहोत्सव आहे, तुमचं मनोगत पाहिजे, पाचशे शब्द." मी म्हटलं, मी पाट्या लिहिणारा माणूस, चार शब्दांच्या वर कधी गेलो नाही. पण फोन ठेवल्यापासून डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे, आणि ती काही पाचशे शब्दांत बसत नाही. समितीने कात्री लावावी.

इमारत, पटांगण, प्रार्थना, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरांची पाटी यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त बाईंबद्दल लिहिणार. इंग्रजीच्या बाई. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि नाव न घेता ओळखणार नाही असा आमच्या बॅचमध्ये कोणी नाही.

१९७९ च्या जूनमध्ये आम्ही पाचवी ब मध्ये आलो. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं थेट २००० साली. म्हणजे आम्ही दहा-दहा वर्षांचे घोडे, मराठी धडे घडाघडा वाचणारे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बालवाडीत बसवल्यासारखे रेघोट्या ओढत होतो. त्यात एबीसीडी एक नाही, चार. पहिली लिपी मोठी छापील, दुसरी लहान छापील, तिसरी मोठी वळणाची, चौथी लहान वळणाची. आमच्यातला एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बाई, आमच्याकडे एकच 'क' असतो, आयुष्यभर पुरतो." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे. मराठीत सगळे एका रेघेला लटकतात, म्हणून कोणी मोठा नाही. इथे रेघ वर नाही, खाली आहे. इथे उभं राहायला लागतं."

एवढं सोपं करून मला पुढे कोणी काही शिकवलं नाही.

चार रेघी वही आठवत असेलच. चार रेघा म्हणजे मधे तीन जागा. बाईंनी त्यांना नावं दिली होती: वर माळा, मधे खोली, खाली विहीर. आम्ही निम्मे चाळीतले आणि चेंदणीकडची दोन-तीन मुलं वाड्यातली, त्यामुळे माळा आणि विहीर समजावून सांगावी लागली नाही. स्मॉलमधली चौदा अक्षरं मुकाट खोलीत राहणारी. बी, डी, एफ, एच, के, एल, टी ही सात माळ्यावर चढणारी, त्यातला टी जरा बुटका, हात पुरेपूर पोचत नाही. आणि जी, जे, पी, क्यू, वाय ही पाच विहिरीत उतरणारी. "पाच जण पाणी भरतात म्हणून सव्वीस जण अंघोळ करतात," असं त्या म्हणायच्या. चौथ्या लिपीतला एफ आला की वर्ग टाळ्या वाजवायचा, कारण तो एकटाच माळ्यापासून विहिरीपर्यंत.

आणि कॅपिटल? कॅपिटल खोली आणि माळा दोन्ही अडवून बसतं, विहिरीकडे फिरकत नाही. "कॅपिटल पाणी भरत नाही" हे वाक्य आम्ही एवढं घोकलं होतं की माझ्या शेजारच्याने घरी वडिलांना ऐकवलं आणि मार खाल्ला. तिसऱ्या लिपीत जे आणि वाय हे दोघे मात्र मोठे असूनही खाली उतरायचे. त्यांना आम्ही साधे लोक म्हणायचो.

आता दोरीची गोष्ट. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

फळ्यावर चार रेघा बाई पट्टीने मारत नसत. पर्समध्ये त्यांची एक सुतळी असायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, पिशवीत खडूची पूड. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मॉनिटर. दोघांनी सुतळी फळ्यावर ताणून धरायची, बाई मधे चिमटीत धरून मागे ओढायच्या आणि सोडायच्या. फट्. एका क्षणात फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पांढरी रेघ. सुतार याला सूत मारणं म्हणतात हे मला पुढे वागळे इस्टेटमध्ये कामाला लागल्यावर कळलं. माझी नेमणूक कशी झाली तर मी सगळ्यांत उंच होतो आणि अभ्यासात सगळ्यांत खाली. कुठल्या तरी कामाला लावायचं म्हणून लावलं असेल.

एके दिवशी तिसरी रेघ झाली, चौथीला सुतळी ताणली, बाईंनी ओढली आणि नेमकी त्याच वेळी मला शिंक आली. माझं टोक सुटलं. सुतळी फळ्यावर बसायच्या ऐवजी उसळून बाईंवर बसली. गडद निळी साडी होती. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी पांढरी रेघ, अशी सुरेख की फळ्यावरही तशी कधी उठली नव्हती. वर्ग गार. मी हात पुढे करून उभा राहिलो, छडी खायला. बाईंनी रेघेकडे बघितलं, मग फळ्याकडे. म्हणाल्या, "चौथी रेघ इथे आली. मग आता स्मॉल जी कुठपर्यंत उतरवायचा?"

साडी झटकली नाही. तो तास आणि त्याच्या पुढचा सहावी अ वरचा तासही त्या तशाच रेघेनिशी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सुतळीचं टोक पुन्हा माझ्याच हातात दिलं. मी म्हटलं, "बाई, शिंक आली तर?" म्हणाल्या, "आधी शिंकून घे."

तपासायची त्यांची पद्धतही वेगळी होती. लाल शाई नाही, फुली नाही. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिलने एक बारीक ठिपका. काय चुकलं ते सांगायचं नाही. ते आपण शोधायचं, दुरुस्त करायचं, वही घेऊन जायचं, मग बाई स्वतः खोडरबराने ठिपका खोडायच्या. त्यामुळे वर्षाच्या शेवटी आमच्या वह्या बघितल्या तर कोणी कधी चुकलंच नाही असं वाटावं. माझ्या वहीत सुरुवातीला चाळणीसारखे ठिपके असायचे, कारण मी सगळंच कॅपिटलमध्ये लिहायचो. सोपं पडायचं, खाली उतरायला नको. बाई म्हणाल्या, "वर्गात सगळेच मॉनिटर झाले तर बडबड कोण करणार?" तेव्हापासून वाक्याचं पहिलं अक्षर मॉनिटर, बाकीचे बाकांवर.

नियम मग एकेक करून आले. माणसाचं नाव, गावाचं नाव, वार, महिने कॅपिटल. ऋतू मात्र स्मॉल. यावर वर्गात भांडण झालं, कारण जुलै कॅपिटल आणि पावसाळा स्मॉल हे ठाण्यात राहणाऱ्याला पटणं शक्यच नाही. 'मी' या अर्थाचा आय वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटल. एकीने विचारलं, "बाई, इंग्रज स्वतःला मोठं आणि दुसऱ्याला लहान लिहितो का?" बाई म्हणाल्या, "अगं, एकटं अक्षर आहे ते. लहान लिहिलं तर ओळीत हरवतं. म्हणून मोठं केलं."

एक नियम मात्र मला आजही मान्य नाही. 'माझी आई' या निबंधात मी मदर शब्द दर वेळी कॅपिटल एमने लिहिला होता. सात ठिकाणी सात ठिपके. शोधून शोधून थकलो, चूक सापडेना. शेवटी बाईंनीच सांगितलं, त्यांनी सांगितलेला तो एकमेव ठिपका: नुसती हाक मारलीस तर कॅपिटल, 'माझी' लावलंस की स्मॉल. मी स्मॉल केलं. घरी आई खानावळीच्या पोळ्या लाटत होती, तिच्याकडे बघून फार वाईट वाटलं होतं.

रविवारचा गृहपाठ म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या वाचणं. तलावपाळी, जांभळी नाका, स्टेशन. एका रविवारी मी स्टेशनवर जाऊन फलाटावरची पाटी उतरवून आणली. तेव्हा इंग्रजीत गावाच्या नावाच्या शेवटी ई नव्हे, ए होता. ठाणा. पुढे तो ए बदलून ई झाला, पण रेल्वेचा संक्षेप अजून टी, एन, ए असाच आहे. तिकिटावर तो दिसला की मला माझी पाचवीची वही दिसते.

मी दहावीला १९८५ साली कसाबसा पास झालो आणि पुढे शिकलो नाही. आधी वागळे इस्टेटमध्ये यंत्रांवर नंबर आणि नावं रंगवली, मग ट्रक, मग दुकानांच्या पाट्या, मग स्वतःचं दुकान. इनॅमल गेलं, फ्लेक्स आला, आता एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि एलईडी दिवे. दोन मशिनं आहेत, चार पोरं कामाला आहेत, घोडबंदर रोडच्या निम्म्या मेडिकलवाल्यांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत, हे सांगायला हरकत नाही.

२०२२ मध्ये नियम आला की पाटीवरची देवनागरी दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. झालं, सगळे दुकानदार फूटपट्टी घेऊन माझ्याकडे. आता उंची मोजायची कशी? इंग्रजी कॅपिटलच्या डोक्यावर काही नाही, पायाशी काही नाही. मराठीला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटापर्यंत मोजून इंग्रजीइतकं केलं तर अक्षराचं अंग बारीक होतं, लांबून मराठीच लहान दिसते. मी गिऱ्हाइकाला कागदावर चार रेघा मारून दाखवतो. शिरोरेघेपासून पायापर्यंतचं अंग कॅपिटलच्या उंचीचं ठेवा, वेलांटीला माळा द्या, उकाराला विहीर द्या. कळतं त्यांना. इंटिरियर डिझायनरला कळत नाही, तो म्हणतो माळा कापा.

हल्ली पाटीचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, सगळा स्मॉलमध्ये. मालकाचं स्वतःचं नावसुद्धा स्मॉल. विचारलं तर म्हणतात, फॅशन आहे काका. नातीची वही बघितली, त्यात अक्षरं आधीच तुटक टिंबांनी छापलेली, तिने फक्त गिरवायचं. माझ्या पोरांना सूत मारता येत नाही, लेझर लेव्हल भिंतीवर लाल रेघ टाकते. ती पुसावी लागत नाही हे खरं, पण कोणाच्या साडीवरही उमटत नाही.

मागच्या महिन्यात समारंभाचं आमंत्रण द्यायला बाईंकडे गेलो. नौपाड्यात तिथेच राहतात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मला ओळखायला वेळ लागला, मग म्हणाल्या, "शिंक!" चहा झाला. निघताना ऐटीत व्हिजिटिंग कार्ड दिलं. नवीनच छापलेलं, पाचशेचा बॉक्स, डिझाइन मुलाचं. बाईंनी चष्मा चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग टेबलावरची पेन्सिल उचलली आणि काहीही न बोलता कार्ड परत माझ्या हातात ठेवलं.

जिन्यात उतरून बघितलं. मुलाने सगळं स्मॉलमध्ये टाकलं होतं. माझं नाव, आडनाव, दुकान, ठाणे. प्रत्येकाच्या पहिल्या अक्षराखाली एकेक बारीक ठिपका.

पाचशे कार्डं बॉक्ससकट बाजूला ठेवली आहेत. नवी छापून झाली. जुनं एक कार्ड पाकिटात आहे, ते घेऊन ठिपके खोडून घ्यायला जायचं आहे. या गुरुवारी जमेल असं वाटतं, एक डोंबिवलीची पाटी संपली की.