पावसाचा रविवार आणि दोन सिनेमे
पाऊस थांबायचं नाव घेईना, म्हणून आज भाच्याबरोबर लागोपाठ दोन सिनेमे पाहिले. आधी १९६८चा '२००१: अ स्पेस ओडिसी'. सुरुवातीची वानरं बघून पठ्ठ्या वैतागला, "मामा, यान कधी येणार?" पण ते हवेत तरंगणारं पेन आलं आणि गडी सरसावून बसला. पेन काचेला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलं होतं आणि काच फिरवली होती, हे सांगितल्यावर तर त्याने तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. तेव्हा माणूस चंद्रावरही उतरला नव्हता! यानाबाहेर आवाज नाही, फक्त अंतराळवीराचा श्वास. आमच्या खोलीत पत्र्यावरचा पाऊस तेवढा.

मग पिठलं-भात, आणि १९९८चा 'आर्मागेडन'. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याएवढा लघुग्रह म्हणे. (लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा सेरेससुद्धा त्याहून लहान, साधारण ९४० किलोमीटरचा.) त्यात एक अणुबॉम्ब पुरायचा की झाले दोन तुकडे! निर्वात पोकळीत नुसतं धडाडधूम.

"मामा, तिथे आवाज कसा येतो?"

मी गप्प. बापलेकीच्या निरोपाला माझेच डोळे भरले होते, आणि कार्टं पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होतं.