मावशी, चपला आणि षष्ठीची ओहोटी

गेल्या मे महिन्यात पुण्याहून मावशी आली होती. वय बासष्ट, बीपीची गोळी चालू. सकाळी नाश्ता, गप्पा यात उशीर झाला आणि गुहागरच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेदहा वाजले. मी इथेच वाढले, तरी ही वेळ चुकीची आहे हे मला सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी षष्ठी होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सहाची पाऊणपट साडेचार, आणि भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, म्हणजे साडेदहाला पाणी पार आत गेलेलं. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत नुसती वाळू. मावशीने हौसेने चपला सुरूखाली काढून ठेवल्या.

वारा मुळीच नव्हता. रात्रभर जमिनीवरून वाहणारा मतलई पडलेला आणि समुद्रावरचा खारा अजून सुटलेला नव्हता. समुद्राकाठी गारच असणार असं पाहुण्यांना वाटतं, पण या मधल्या वेळी अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होणार कसं? किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं. सह्याद्रीपलीकडे, देशावर तोच आकडा ४० आहे. हा फरक उगाच ठेवलेला नाही.

पाण्यात पाय बुडवून मावशी खूश होती. परतताना मात्र वाळू तव्यासारखी तापलेली. ती अनवाणी दोन पावलं धावायची, थांबायची. निम्म्या वाटेत खाली बसली. चेहरा लालबुंद, आणि मला म्हणाली, "अगं, आपण स्वारगेटला उतरायचं ना?"

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ऊन लागलेला माणूस असं असंबद्ध बोलायला लागला की ती नुसती चक्कर नसते. भावाने तिला उचलून सावलीत नेलं. मी ओढणी समुद्रात भिजवून आणली, मान, काखा, पाय सगळं ओलं केलं आणि पदराने वारा घालत राहिले. वहिनीने १०८ ला फोन लावला. कुणीतरी सरबत पुढे केलं, ते मी हाताने बाजूला सारलं. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गाडी येईपर्यंत तिने मला नावाने हाक मारली. तरीही दवाखान्यात नेलंच. तिच्या गोळीने लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी कमी होतं, उन्हाळ्यात त्या गोळीचं काय करायचं ते आधी विचारायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही बजावलं.

यंदा मावशी परत आली आहे. काल पहाटे साडेपाचला आम्ही मिठाची पेज पिऊन निघालो. पिशवीत पाण्याची बाटली, कोकम सरबत, ओला पंचा. ऊन चढायच्या आत घरी. चपला तिने पाण्यापर्यंत पायातच ठेवल्या.