तेशिमा : वाऱ्यासाठी बांधलेली वास्तू

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात, कागावा प्रांतात, तेशिमा नावाचं एक छोटं बेट आहे. बोटीतून कारातो बंदरावर उतरून चढाला लागलं की उतारावरच्या भातखाचरांमध्ये एक पांढरा, बसका उंचवटा दिसतो. हे तेशिमा कला संग्रहालय. 2010 साली खुलं झालेली ही वास्तू वास्तुविशारद रिऊए निशिझावा यांची, आणि आतली एकुलती एक कलाकृती कलाकार रेई नाइतो यांची.

तिकीट घेतल्यावर लगेच आत जाता येत नाही. टेकडीला वळसा घालणारी पायवाट आधी झाडीतून नेते, मध्येच समुद्र दाखवते. ही वाट मला फार आवडली, कारण दाराशी पोचेपर्यंत पावलं आपोआप मंदावतात. मग बूट काढायचे, बोलणं थांबवायचं आणि वाकून आत शिरायचं.

आत भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळत नाही. सुमारे 40 बाय 60 मीटरची जागा, मधे एकही खांब नाही, आणि सगळ्यात उंच ठिकाणीही छत साधारण साडेचार मीटरवरच. काँक्रीटचं हे कवच जेमतेम 25 सेंटिमीटर जाडीचं आहे. आधी मातीचा ढीग रचून त्याला हवा तो आकार दिला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर आतली माती उपसून काढली. म्हणूनच त्याला टेकडीसारखी सलग गोलाई आली असावी.

छताला दोन मोठी लंबगोल भोकं आहेत. त्यांना काच नाही, जाळी नाही. ऊन, पाऊस, पाखरांचे आवाज, सगळं थेट आत येतं. भोकाच्या कडेला एक बारीक धागा लटकतो. तो हलला की वारा आलाय हे कळतं, आणि कुठल्या बाजूनं आलाय तेही.

खरी गंमत, म्हणजे नाइतो यांच्या कलाकृतीचा गाभा, मात्र जमिनीवर आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून पाणी झिरपतं, थेंब होतो. फरशी पाणी शोषत नाही, त्यामुळे तो गोल राहतो, थरथरतो, आणि डोळ्यांना न जाणवणाऱ्या उतारावरून अचानक धावत सुटतो. वाटेत दुसरा थेंब भेटला की दोघे एक होऊन वेग घेतात. वाऱ्याची झुळूक आली की साचलेल्या पाण्यावर शहारा उठतो आणि त्यातलं आभाळ विस्कटतं. उन्हाचा गोल पट्टा सरकताना दिसत नाही, पण थोड्या वेळानं पाहावं तर आपल्या पायाशी आलेला असतो.

बहुतेक संग्रहालयं ऊनवारा बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली असतात, आणि चित्रांच्या जपणुकीसाठी ते बरोबरही आहे. इथे वारा आणि ऊन हेच पाहायचं आहे. त्यांना अडवणारं सगळं काढून टाकलं आणि हलण्यापुरता एक धागा, थोडं पाणी ठेवलं. इतकं कमी करून थांबायला मोठी हिंमत लागते.

याच बेटावर फ्रेंच कलाकार ख्रिस्तियन बोल्टान्स्की यांचं, लोकांच्या हृदयाच्या ध्वनिमुद्रित ठोक्यांचं संग्रहालयही आहे. तिथे अंधाऱ्या खोलीत ठोक्याबरोबर एक दिवा लुकलुकतो. तेही जरूर पाहा, पण आधी हे.

जायचं ठरवलं तर सुट्टीचे वार आणि शेवटच्या बोटीची वेळ आधी तपासा. आत फोटो काढू देत नाहीत. आणि त्या दिवशी ढग किंवा वारा असेल तर बेत बदलू नका, उलट जास्त वेळ हाताशी ठेवून जा.