अमळनेरचा मे महिना, इन्व्हर्टर अन् माझा फॅन

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात इन्व्हर्टर ठेवलाय जिन्याखालच्या कोंदट कपाटात, तो इतका तापायचा की वर पापड भाजून निघाले असते. म्हणून १२ व्होल्टचा एक जुना कॉम्प्युटरचा फॅन काढला, म्हटलं गरम झालं की जोरात फिरेल, थंड असलं की हळू.

तापमान मोजायला सेन्सर एलएम३५. सोपा आहे, एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ४५ डिग्रीला ४५० मिलिव्होल्ट. ते अर्डुइनोने (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) वाचायचं आणि पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद करून स्पीड कमी-जास्त करत, मॉस्फेट (फॅनचा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवायचा.

घोळ मॉस्फेटमध्येच झाला. घरात आयआरएफ५४० पडलेला होता, लावला, फॅन फिरला पण मॉस्फेटच चटके द्यायला लागला. त्याला गेटवर (स्विच उघडणारी पिन) १० व्होल्टच्या आसपास लागतात, अर्डुइनो देतो ५, मग तो अर्धवटच उघडतो आणि तापतो. जळगावहून ५ व्होल्टलाच नीट उघडणारा आयआरएलझेड४४एन आणला, गार एकदम. फॅनला उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) विसरू नका बरं का, त्याच्यावरची पट्टी प्लसकडे.

कमी स्पीडला फॅन नुसता गुणगुणायचा, जागचा हलायचा नाही, मग सुरुवातीला अर्धा सेकंद फुल करंट देऊन ढकलला. आणि फॅन चालू ४० डिग्रीला, बंद ३७ ला ठेवलं, नाहीतर सारखी चालू-बंद.

आई म्हणे, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, कपाटाचं दार उघडं ठेव ना." तेही केलंय.