‘लागू नाही’ लिहिलेली ओळ

स्टुडिओचे हेड पद सोडतात तेव्हा बाहेरच्यांना पुष्पगुच्छ, कुंद्याचा डबा आणि ग्रुप फोटो दिसतो. आत काय काय कुणाकडे सोपवायचं याचा एक तक्ता असतो. आमचा तक्ता ६३ ओळींचा होता आणि तो मीच केला होता. त्यातल्या ४१व्या ओळीपुढे मी ‘लागू नाही’ असं लिहिलं, आणि त्या शुक्रवारी चार हजार लोकांचा गेम लोडिंगच्या पडद्यावर अडकून पडला. महिना होत आला, ती ओळ डोक्यातून जात नाही.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा वीस जणांचा मोबाइल गेमचा स्टुडिओ आहे. मी बिल्ड (कोडपासून फोनवर चालणारं ॲप तयार करणं) आणि रिलीज (ते लोकांना सोडणं) बघतो. बेळगावात ‘गेम बनवतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पैशाचा काय? २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, तेव्हा ऑफिस बंद झालं का म्हणून विचारणारे फोन आठवडाभर येत होते. आमचा गेम शब्दकोड्यांचा, मराठी आणि कन्नड दोन्हींत. पैसे लावायच्या खेळांनी ‘गेम’ या शब्दाची पत घालवली, आणि ती भरून काढायला आमच्यासारख्यांची किती वर्षं जाणार कोण जाणे.

आमचे जुने हेड, म्हणजे सर, या धंद्यात जावा फोनच्या काळापासून. तेव्हा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा आणि कित्येक फोनांवर अख्खा गेम ६४ केबीच्या जार फाइलीत बसवावा लागायचा. त्या काळात शिकलेला माणूस प्रत्येक टेक्स्चरचं, म्हणजे गेममधल्या चित्राचं, वजन विचारतो. एवढ्या वर्षांनी ते सोडणार हे मे महिन्यात ठरलं, शेवटचा दिवस जुलैतला शुक्रवार.

मोठ्या कंपन्यांत हे कसं होतं ते आम्ही सगळे वाचत असतो. सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे जिम रायन जाणार हे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं आणि ते मार्च २०२४ अखेरपर्यंत होते. हिरोकी तोतोकी ऑक्टोबरपासूनच अध्यक्ष म्हणून शेजारी बसलेले. निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या रेजी फिस-एमे यांनी २१ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं आणि १५ एप्रिलला ते गेले. आम्ही ज्या युनिटी इंजिनवर काम करतो, तिचे जॉन रिचिटेलो मात्र ९ ऑक्टोबर २०२३ ला जाहीर झालं आणि त्याच दिवशी पायउतार झाले. आम्हाला दोन महिने होते. माझ्या मते दोन महिने भरपूर होतात, पण किल्ल्या कुणाच्या नावावर आहेत हे पहिल्या आठवड्यात पाहिलं तरच.

या किल्ल्या म्हणजे काय, ते धंद्याबाहेरच्यांना माहीत असायचं कारण नाही. अँड्रॉइडसाठी एक कीस्टोअर फाइल असते, ॲपवर आपली डिजिटल सही करायची किल्ली तिच्यात असते. तिला दोन पासवर्ड, एक फाइलीचा आणि एक आतल्या किल्लीचा, शिवाय त्या किल्लीचं टोपणनाव. दोन पासवर्डांपैकी एक हरवला तरी फाइल निरुपयोगी. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपची खरी सही गूगल प्लेकडेच राहते, आपल्याकडे फक्त अपलोडची किल्ली. ती हरवली तर बदलून मागता येते, पण नवी लगेच चालू होत नाही. त्याआधीचं ॲप स्वतःच्या सहीवर चालत असेल आणि ती सही गेली, तर त्या नावाने पुढचं अपडेट देणं कायमचं बंद. आमचा जुना गेम असाच होता. ती फाइल सरांनी दोन पेनड्राइव्हवर ठेवलेली, एक ऑफिसच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. दोन्ही मी उघडून, दोन्हींनी सही करून, ठसा जुळवून पाहिला. नुसती ‘फाइल मिळाली’ अशी टिकमार्क मारणारे लोक मी पाहिलेत. पासवर्ड चुकीचा आहे हे त्यांना सहा महिन्यांनी कळतं.

ॲपलकडे ‘अकाउंट होल्डर’ एकच असतो आणि नवे करार त्यानेच मान्य करायचे असतात. ती भूमिका त्यालाच दुसऱ्याकडे सोपवता येते, म्हणून तो असतानाच करून घ्यायची. पुश नोटिफिकेशनची, म्हणजे फोनवर सूचना पाठवायची, पीएट ही किल्लीची फाइल एकदाच डाउनलोड होते. हरवली की नवी बनवायची आणि सर्व्हरवर बदलायची. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे आकडे सरांच्या जुन्या फोनमधल्या ऑथेंटिकेटरमध्ये होते, ११ खात्यांचे. ते एकेक करून नव्या फोनवर घेतले, आणि प्रत्येक खात्याचे बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवले. गिटमध्ये, म्हणजे जिथे आमचा सगळा कोड साठवलेला असतो तिथे, मेटा फाइली सगळ्या आहेत का ते तपासलं, कारण युनिटीत चित्राशेजारची मेटा फाइल गेली की त्याची ओळखसंख्या बदलते आणि सीनमधले सगळे दुवे तुटतात. रिकाम्या मशीनवर प्रोजेक्ट उतरवून पहिल्यापासून बिल्ड केलं. ही कामं मी मन लावून केली आणि ती चोख झाली, हे मी आजही म्हणेन.

अडलं ते प्ले कन्सोलच्या, म्हणजे गूगल प्लेवर ॲप सोडायच्या, खात्यात. ते सरांनी अगदी सुरुवातीला २५ डॉलर भरून स्वतःच्या नावावर उघडलेलं. कंपनीच्या नावाने नवं खातं काढून गेम तिकडे हलवायचा, तर संस्थेच्या खात्याला डन्स हा कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक लागतो, आणि त्यातलं नाव-पत्ता कंपनीच्या कागदांशी जुळावा लागतो. आमच्या कंपनीचा नोंदणी दाखला ‘बेलगाम’ या इंग्रजी स्पेलिंगचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहर अधिकृतपणे ‘बेळगावी’. जीएसटीच्या कागदावर नवं स्पेलिंग, बँकेत जुनं, भाडेकरार कन्नडमध्ये आणि त्यात गल्लीचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. पडताळणी दोनदा परत आली. सीमाभागात ज्यांनी पासपोर्ट नाहीतर कर्ज काढलंय त्यांना हे नवीन नाही. शहराच्या नावावर भांडणारे पुष्कळ आहेत, एकाच माणसाच्या चार कागदांवर चार स्पेलिंगं जुळवून देणारा टेबल कुठल्याच ऑफिसात नाही. शेवटी सगळे कागद एका स्पेलिंगवर आणले आणि गेम हलवायची तारीख ठरली: सोमवार. म्हणजे सर गेल्यावर तीन दिवसांनी.

आता ४१वी ओळ. प्ले कन्सोलमध्ये चाचणीच्या ट्रॅकवर बिल्ड टाकायची परवानगी वेगळी आणि सगळ्या लोकांसाठी प्रकाशित करायची वेगळी. दुसरी परवानगी फक्त सरांकडे होती. पूर्वी एकदा कुणीतरी चाचणीचं बिल्ड थेट लोकांना पाठवलं, तेव्हापासून त्यांनी ती स्वतःकडे ठेवली. ती मला द्यायची का, हा प्रश्न तक्त्यात होता. खातं सोमवारी बदलणारच, जुन्या खात्यातल्या परवानग्या नव्यात जात नाहीत, मग तीन दिवसांसाठी कशाला, असा विचार करून मी लिहिलं: ‘लागू नाही’. सरांनी तक्त्यावर सही केली. नव्या हेडनीही केली.

गुरुवारी संध्याकाळी सरांनी त्यांचं शेवटचं रिलीज सोडलं, दहा टक्के लोकांना. शुक्रवारी अकराला निरोप, सव्वाबाराला सर गाडीने गोव्याला निघाले, जांबोटी-चोर्ला मार्गाने. बाहेर पाऊस कोसळत होता.

बारा चाळीसला मी आकडे उघडले. क्रॅशचा दर उत्तम होता, गूगलच्या १.०९ टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप खाली. पण मी दुसराच आकडा बघतो: ॲप उघडलं अशी नोंद किती आणि मुख्य मेनू दिसला अशी नोंद किती. एरवी शंभरातले ९७ मेनूपर्यंत पोचतात. नव्या आवृत्तीत ६१. तेवढ्यात चाचणी करणारी मुलगी फोन घेऊन आली. ‘रिव्ह्यू बघा की. लोडिंगवरच अडकतंय म्हणून लिहिलंय सगळ्यांनी.’ एक कन्नडमधला होता: ‘गेम ओपन आगवल्दु’, म्हणजे गेम उघडतच नाही. सात रिव्ह्यू, सातही एक तारेचे.

नवे हेड बंगळूरहून आलेले, मोठ्या कंपनीत मुरलेले, हुशार आणि सभ्य. त्यांनी क्रॅशचा आलेख उघडला, तो हिरवा होता. दहा टक्केच तर लोक आहेत, तासभर पाहू, म्हणाले. आणि पुढे, ‘त्यांना आजच्या दिवशी त्रास नको.’ मला ते पटलं नव्हतं, तरी मी तिथे अडून बसलो नाही. यात चाळीस मिनिटं गेली.

आलेख हिरवा का होता? आकार कमी करायचा म्हणून त्या आठवड्यात युनिटीची स्ट्रिपिंगची पातळी लो वरून मीडियम केली होती. त्यात जो कोड थेट कुणी बोलावत नाही तो बिल्डमधून छाटला जातो. आषाढीच्या ऑफरचा क्लास (कोडचा तुकडा) फक्त सर्व्हरवरून आलेला जेसन मजकूर वाचताना रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या वेळी शोधून, वापरला जायचा, त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे तो तयार करणारा भाग, छाटला गेला. एडिटरमध्ये छाटणी होत नाही, म्हणून प्रोग्रामरकडे चालत होतं. चाचणीच्या सर्व्हरवर आषाढीची ऑफर चालू नव्हती, म्हणून चाचणीतही चालत होतं. लोकांच्या फोनवर ऑफर वाचताना सी-शार्पमध्ये, म्हणजे गेमच्या कोडमध्ये, एक्सेप्शन (चालता चालता होणारी चूक) आलं. अशा एक्सेप्शनने युनिटीचं ॲप पडत नाही. लोडिंग ज्या कामाची वाट बघतं ते काम संपतच नाही, आणि चक्र फिरत राहतं. फोनच्या दृष्टीने ॲप जिवंत आहे, गोठलेलंही नाही. म्हणून क्रॅश शून्य.

मी रिमोट कॉन्फिगमधून, म्हणजे गेम नेटवरून घेतो त्या सेटिंगांमधून, ऑफर काढली. नव्या लोकांची सोय झाली, अडकलेल्यांची नाही, कारण आमचा गेम आधी फोनवर साठवलेली प्रत वाचतो आणि मग नवी आणायला जातो. तो पहिल्याच पायरीवर अडकलेला. पुढे गेला असता तरी नवी प्रत मूळ सेटिंगप्रमाणे १२ तासांनी येते. रिलीज थांबवायचं बटण मला दिसतच नव्हतं.

एक वीसला नवे हेड तयार झाले. सरांचा फोन लागेना. जांबोटी सोडल्यावर जंगल सुरू होतं आणि पुढे कणकुंबी, मग चोर्ला घाट. पावसात तिथे रेंजचा भरवसा नसतो. बारा चाळीसला ते जांबोटीच्या अलीकडे होते. दर पाच मिनिटांनी फोन करत, मधल्या वेळात मी दुरुस्ती केली: काय छाटू नये ते सांगणाऱ्या लिंक डॉट एक्सएमएल फाइलीत ऑफरचा सगळा कोड राखून ठेवला, स्ट्रिपिंग परत लो वर, जेसन वाचताना चूक आली तरी गेम पुढे जावा म्हणून त्याभोवती ट्राय-कॅच. आवृत्तीची संख्या एकाने वाढवली, कारण प्लेवर मागे जाता येत नाही, अडकलेल्यांना सोडवायचं तर पुढचाच आकडा द्यावा लागतो. बिल्डला ३८ मिनिटं लागली, मध्ये वीज गेली, यूपीएसवर पुरं झालं. चाचणी तीन फोनांवर, कोऱ्या फोनवर नाही तर अडकलेल्या आवृत्तीवर वरून चढवून. इथे नवशिके हमखास चुकतात. जुनं काढून नवं टाकलं की साठवलेली प्रतही पुसली जाते आणि दोष गेलासा वाटतो.

दोन चाळीसला साखळीहून सरांचा फोन आला. पहिला प्रश्न: ‘रिव्ह्यू कुठल्या भाषेतले आहेत?’ दोन्ही, म्हटलं. ‘मग फोनचा दोष नाही, आपलाच आहे.’ रस्त्याकडेला गाडी लावून त्यांनी मोबाइलच्या ब्राउझरमधून मला परवानगी दिली. बटण दिसू लागलं, मी रिलीज थांबवलं. चार मिनिटं लागली. नवं बिल्ड पाचच्या आत चढवलं, शनिवारी सकाळी मंजूर होऊन ते लोकांकडे गेलं. रविवारी शंभरातले ९६ मेनूपर्यंत पोचत होते. जे काढून टाकून निघून गेले, ते गेले.

चार मिनिटांचं काम मी आठ आठवडे केलं नाही, हे मला पचत नाही. पण नव्या हेडना दोष देतानाही हात अडतो. त्यांनी सभ्यपणा केला, आणि त्यांच्यासमोरचा आलेख खरंच हिरवा होता. सर त्यांच्या जागी असते तर त्यांनी सकाळी नऊलाच थांबवलं असतं, कारण ते रोज चहाबरोबर एक तारेचे रिव्ह्यू दोन्ही भाषांत वाचायचे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तक्त्यात ते नव्हतं, कारण त्याला पासवर्ड नव्हता. त्या शुक्रवारीही त्यांनी फोन काढला होता, तेवढ्यात आम्ही त्यांच्या हातात कुंद्याची प्लेट दिली.

सोमवारी गेम नव्या खात्यात गेला, परवानगी आता मला आणि नव्या हेडना, दोघांना आहे. तक्त्यात मी ६४वी ओळ घातली: रोज सकाळी एक तारेचे रिव्ह्यू वाचणे. ‘कोणाकडे’ हा रकाना अजून भरलेला नाही. नव्या हेडना मराठी येत नाही. मला कन्नड बोलता येतं, वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं. सध्या सव्वानऊला आम्ही दोघं एका टेबलाशी बसतो, ते कन्नड वाचून सांगतात, मी मराठी.